किनाऱ्यावरचा किल्ला आणि कंपनीचे शहर

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरील ही जागा राज्यकारभारातील घडामोडींसाठी, अवर्षण-महापुरांसाठी आणि क्वचित एखाद्या थोर पुरुषाच्या मृत्युलेखासाठी राखून ठेवण्याचा प्रघात आहे. तेथे आज मुलांच्या खेळाविषयी लिहिलेले पाहून काही वडीलधारे वाचक कपाळास आठ्या घालतील, हे आम्ही जाणून आहोत. त्यांनी त्या आठ्या खुशाल तशाच ठेवाव्या, परंतु पुढे वाचावे, एवढीच विनंती आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली होते की नाही, असा हा प्रश्न आहे. आणि तो आम्हांस विचारला तो कोणा कायदेपंडिताने नव्हे, तर हर्ण्याच्या बंदरावर बसलेल्या एका नववीतल्या मुलाने.

गेल्या आठवड्यात कामानिमित्त दापोलीस जाणे झाले, तेव्हा संध्याकाळी हर्णे गाठले. मासळीच्या लिलावाची वेळ होती. खोल पाण्यात नांगरलेल्या नौकांवरून मासळी छोट्या होड्यांनी आणि बैलगाड्यांनी वाळूवर येत होती, पाटीमागून पाटी रिती होत होती, आणि बोलीचे आकडे परक्याच्या कानांस उमगण्याआधीच सौदा पुरा होत होता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा होता. या सगळ्या गजबजाटाकडे पाठ करून कनकदुर्गाच्या पायथ्याशी चार मुले एका मोबाईलभोवती कोंडाळे करून बसली होती. आम्ही काही वर्षे शिक्षकाचा पेशा केला आहे. वर्ग सुटला तरी ती खोड सुटत नाही. 'काय चाललंय रे?' म्हणून विचारले.

'सर, नवीन गेम येणार आहे. शहर बांधायचं. ऑनलाइन,' एकाने सांगितले. मग शहरात पहिल्यांदा काय बांधणार, असे विचारताच दुसरा चटकन म्हणाला, 'जेट्टी!' चौघेही हसले. ज्या बंदरात जेट्टीची मागणी करता करता माणसे म्हातारी झाली, तेथे हा विनोद समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिसरा मुलगा मात्र हसता हसता थांबला. त्याने विचारले, 'पण सर, रेंज गेली तर माझं शहर राहील का?'

आम्हांस त्या क्षणी उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर वाचले, जाणकारांस विचारले, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. मुले ज्याची वाट पाहत आहेत त्या खेळाचे नाव आम्ही येथे देत नाही. असले खेळ वर्षाकाठी चारदोन जाहीर होतात, नावे बदलतात, आणि स्वतःची दवंडी पिटण्यास कंपन्या पुरेशा समर्थ आहेत.

प्रथम खेळाच्या बाजूने बोलू. मोबाईलवरील प्रत्येक खेळ म्हणजे पोरांचा सत्यानाश, असे मानणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. नगर वसविण्याच्या खेळाचा जन्मच मोठा गमतीचा आहे. विल राइट नावाचा एक अमेरिकन खेळकर्ता १९८४ च्या सुमारास बेटांवर बॉम्ब टाकण्याचा एक खेळ रचीत होता. ती बेटे, त्यांवरील रस्ते आणि इमारती रचताना त्याच्या ध्यानात आले, की बॉम्ब टाकण्यापेक्षा बांधण्यातच आपल्याला अधिक गोडी वाटते. जे फॉरेस्टर या शास्त्रज्ञाने शहरांच्या वाढीची गणिते १९६९ साली एका ग्रंथात मांडली होती. राइटने त्यांचा आधार घेतला आणि १९८९ साली 'सिमसिटी' हा खेळ बाहेर आला. तत्पूर्वी प्रकाशक तो घेण्यास कचरत होते. ज्यात धड जिंकणे नाही की हरणे नाही, तो खेळ कोण विकत घेणार, अशी त्यांची शंका. ती खोटी ठरली.

या खेळात खेळणारा नगराचा महापौर असतो. वस्ती, बाजार आणि कारखाने यांच्यासाठी जमीन आखून द्यावयाची, वीज न्यावयाची, रस्ते काढावयाचे आणि कर बसवावयाचे. कर वाढविला तर माणसे गाव सोडतात. घटविला तर तिजोरी आटते आणि रस्ते उखडतात. नागरिकशास्त्राच्या तासाला 'नगरपालिकेची आवश्यक कामे' आम्ही वर्षानुवर्षे पाठ करून घेतली. मुलांनी ती घोकली, उत्तरपत्रिकेत उतरविली आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेली. पाण्याची टाकी कोणत्या उंचीवर हवी आणि तिचे पैसे कोठून येणार, हे त्यांना ज्या दिवशी आपण होऊन विचारावेसे वाटेल, तो दिवस शिक्षकाच्या भाग्याचा. हा खेळ तो दिवस आणतो, हे कबूल करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

आणि आपल्याला हा खेळ नवा तरी कोठे आहे? दिवाळीत अंगणात किल्ला बांधणारे मराठी पोर दुसरे काय करीत असते? विटांच्या तुकड्यांवर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, उतारावर अळीव पेरलेले, बुरूज, तळे, शेती, पायथ्याशी बाजार, आणि सगळ्यांत वर सिंहासन. पाणी कोठून जाईल, दरवाजा कोणत्या अंगास हवा, यावर दोन भावंडांत होणारे वाद ऐकले, तर नगररचनाकारांच्या सभेची आठवण व्हावी. किल्ल्यावर मातीच्या मावळ्याशेजारी प्लॅस्टिकची मोटार उभी राहिली, तरी कोणी हरकत घेत नाही. तो किल्लाही मोडतो, हे खरे. परंतु तो ज्यांनी बांधला तेच मोडतात, आणि केव्हा मोडावयाचा ते तेच ठरवितात.

येथे एक शंका मध्येच नोंदवून ठेवतो. पुढे तिचे काम पडणार आहे. शहर बांधण्याच्या खेळात नियम असतात आणि ते कोणीतरी केलेले असतात. मूळ 'सिमसिटी'त घरे वेगळी, बाजार वेगळा आणि कारखाने वेगळे. ही अमेरिकेतील नगररचनेची रीत. त्यात रस्ते काढून टाकून सगळीकडे लोहमार्ग घातले, की वाहतुकीची कोंडी नाहीशी होते. हे कोण्या शहराचे सत्य नव्हे, खेळ करणाऱ्याने मानलेले गृहीत आहे. आता त्या नकाशात हर्णे बसवून पाहा. येथे घरापुढच्या अंगणात जाळी विणली जातात, वाळूवर मासळी सुकते, त्याच वाळूवर लाखोंची उलाढाल होते आणि रात्री तेथेच होड्या विसावतात. घर कोठे संपले आणि उद्योग कोठे सुरू झाला, हे कोणता रंग दाखविणार? हर्ण्याच्या शेजारी महर्षी कर्व्यांचे मुरूड आहे. ते गाव आखूनच वसविले गेले, असे परंपरा सांगते: मधून सरळ रस्ता, दुतर्फा घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या. तीही नगररचनाच. पण घर आणि बागाईत यांची तेथे ताटातूट केलेली नाही. खेळाचे नियम पाहता आणि बदलता आले, तर दापोली तालुक्यातला एखादा हुशार मुलगा मुरुडाच्या रीतीचे शहर रचू शकेल. ते नियम कंपनीच्या कुलुपात असतील, तर तो परक्याची रीत हीच सृष्टीची रीत समजून मोठा होईल.

हे कुलूप एकदा खरोखरीच उघडले गेले होते, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जुळतो. २००७ साली 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावी, एकशिक्षकी प्राथमिक शाळेत झाला. वीस-बावीस मुलांची ती शाळा. तेथे हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते छोटे, दणकट संगणक आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने मूळ 'सिमसिटी' हा खेळ त्या लॅपटॉपसाठी विनामूल्य देऊन टाकला, आणि २००८ च्या जानेवारीत त्याची अंतर्गत रचनाच 'मायक्रोपोलिस' या नावाने सर्वांसाठी खुली झाली. कोणीही तो घ्यावा, उघडून पाहावा, नियम बदलावे आणि दुसऱ्यास द्यावा. तो चालविण्यास कंपनीची परवानगी लागत नाही की इंटरनेट लागत नाही.

गंमत पाहा. तोच खेळ, तीच कंपनी. पाच वर्षे पुरती लोटली नाहीत तोच वारे उलटे फिरले. मार्च २०१२ मध्ये नव्या 'सिमसिटी'ची घोषणा झाली. जगभरच्या चाहत्यांत आनंदाची लाट आली, परंतु त्याबरोबर एक अटही कळली: खेळणारा एकटा खेळो की दहा जणांत, इंटरनेटची जोडणी सतत हवी. चाहत्यांनी त्याच वेळी धोक्याची घंटा वाजविली. आमच्या हर्ण्याच्या मुलाने जो प्रश्न विचारला, तोच त्यांनीही विचारला. खेळाची बरीच आकडेमोड कंपनीच्या सर्व्हरवरच होते, सबब जोडणी अपरिहार्य आहे, असे उत्तर मिळाले. ५ मार्च २०१३ रोजी अमेरिकेत खेळ बाजारात आला, आणि पैसे मोजून बसलेली माणसे दाराशीच अडकली. सर्व्हर कोलमडले. कोणाला तासन्‌तास प्रवेश मिळेना, कोणाचे बांधलेले शहर नाहीसे झाले. ताण कमी व्हावा म्हणून कंपनीने खेळातील काही सोयी बंद केल्या. ॲमेझॉनने डाउनलोड आवृत्तीची विक्री काही काळ थांबविली. शेवटी ग्राहकांची समजूत काढण्यासाठी एक दुसरा खेळ फुकट देण्याची पाळी आली. याहून बोलके ते पुढचे. अवघ्या काही दिवसांत एका हौशी जाणकाराने खेळात फेरफार करून दाखवून दिले, की जोडणी तोडली तरी शहर चालू राहते. आणि वर्षभरानंतर, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने स्वतःच इंटरनेटविना खेळण्याची सोय करून दिली. कालपर्यंत जे अशक्य होते ते आज शक्य झाले! मार्च २०१५ मध्ये तो खेळ रचणारी एमरीव्हिल येथील शाखा बंद झाली. त्याच महिन्यात फिनलंडमधील एका मूठभर माणसांच्या मंडळीने 'सिटीज: स्कायलाइन्स' हा खेळ बाजारात आणला. तो घरच्या घरी, जोडणीवाचून चालत होता. महिनाभरात त्याच्या दहा लाख प्रती खपल्या.

हे सारे अमेरिकेत आणि युरोपात घडले, जेथे वीज सहसा जात नाही. आमच्या कोकणात काय होईल? ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि त्याच्या तडाख्यात दापोली, मंडणगड हे तालुके उजाड झाले. विजेचे खांब आडवे झाले, माड आणि पोफळी मुळासकट उपटल्या गेल्या, गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्याच जून महिन्यात टाळेबंदीमुळे शाळा ऑनलाइन भरू लागल्या होत्या. रेंजसाठी डोंगरमाथा गाठणारी कोकणातली मुले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून पाहिली. वादळ राहू द्या. मिरगाचा पहिला पाऊस पडला की आमच्याकडे तारा तुटतात. ज्या दिवसांत मुलांना घराबाहेर पडता येत नाही, नेमक्या त्याच दिवसांत हा खेळ बंद पडावयाचा. उन्हातान्हात चालणारी आणि पावसात मिटणारी छत्री कोणी विकत घेईल काय?

जोडणीचे निदान पुन्हा येणे तरी असते. कंपनीनेच दिवा मालवला तर? 'फार्मव्हिल' हा शेतीचा खेळ २००९ साली निघाला, तेव्हा शहरात राहणारे आमचे कितीतरी बांधव, ज्यांनी गावच्या कलमांस तीन-तीन वर्षे पाणी दाखविले नव्हते, ते पहाटे उठून त्या चित्रातल्या शेताची कापणी करीत. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते शेत कायमचे मिटले. 'द क्रू' हा मोटारी हाकण्याचा खेळ लोकांनी रोख पैसे देऊन घेतला होता. यूबीसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले, आणि ज्यांच्या कपाटात त्याची तबकडी होती त्यांच्या हाती नुसती तबकडी राहिली. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी'सह ११८ ॲपवर बंदी घातली. देशाच्या सुरक्षेचे कारण होते आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्यांनी त्यात पोशाख आणि शस्त्रे घेण्यासाठी वडिलांचे पैसे घातले होते, त्या मुलांस त्या दिवशी कळले, की आपण काहीच विकत घेतले नव्हते.

कंपन्यांची बाजूही न ऐकता निकाल देणे बरे नव्हे. चोरून प्रती काढल्या जातात, आणि रचणाऱ्यांच्या श्रमांचे मोल बुडते. हे खरे आहे. हर्ण्याच्या मुलाला कोल्हापूरच्या किंवा लंडनच्या मित्राशी मिळून एक शहर बांधावयाचे असेल, तर मध्ये जोडणी हवीच. सर्व्हर चालविण्यास दरमहा खर्च येतो आणि तो कोणी आजन्म सोसावा, असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. पण यांतले कोणतेही कारण, एकट्याने खेळताना शहर माझ्याच यंत्रात का राहू नये, याचे उत्तर देत नाही. खाणावळवाल्याने दुकान बंद करावे. तो त्याचा हक्क आहे. मी घरी नेलेला डबा त्याने परत मागू नये.

आता कायद्याकडे वळू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी घातली. घरे धुळीस मिळत होती, तेव्हा ते योग्यच झाले. करमणुकीच्या आणि शिक्षणाच्या खेळांस त्या कायद्याने मान्यता देऊन उत्तेजनाची भाषा केली आहे. परंतु विकत घेतलेला खेळ कंपनीने उद्या बंद केला तर ग्राहकाचे काय, याविषयी त्यात चकार शब्द नाही. मुलांच्या खाजगी माहितीचे रक्षण करणारा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती मागतो. सतत जोडलेल्या खेळात मूल किती वाजता जागे असते आणि कशासाठी हट्ट धरते हेही कंपनीस कळते, म्हणून पालकांनी ती संमती डोळे मिटून देऊ नये. ग्राहकांस फसविणाऱ्या पडद्यावरील क्लृप्त्यांविरुद्धही नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या आहेत. इमारत पुरी होण्यास 'आठ तास थांबा, अथवा पैसे भरा' अशी पाटी मुलासमोर धरणारे खेळ त्या सूचनांच्या कसोटीवर घासून पाहण्याची वेळ आली आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून एक साधा नियम अमलात आणला. कायम उतरवून घेता येत नाही अशा खेळावर वा चित्रपटावर नुसते 'विकत घ्या' असे लिहावयाचे नाही. ग्राहकास मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना, हे त्यास आधी स्पष्ट सांगावयाचे. युरोपात तर बंद केलेले खेळ निदान चालू राहतील अशा स्थितीत सोडावे, या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आमच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास २०१९ च्या कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध अधिकार दिलेले आहेत. ते वापरून प्राधिकरणाने एवढे करावे: खेळाच्या विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी आणि किमतीएवढ्याच अक्षरांत, मराठीसह देशी भाषांत तीन गोष्टी छापण्याची सक्ती करावी. हा खेळ जोडणीवाचून चालतो की नाही; तो किमान किती वर्षे चालविण्याची हमी आहे; आणि बंद करताना खेळणाऱ्यास त्याने बांधलेले शहर आपल्या यंत्रात उतरवून घेता येईल की नाही. औषधाच्या बाटलीवर मुदत छापता येते, तर खेळावर का छापता येऊ नये? महाराष्ट्रातील ग्राहक चळवळ ही काही आजची नाही. तिने हा विषय पोराटकीचा समजून बाजूस सारू नये, अशी आमची कळकळीची सूचना आहे.

हे होण्यास वेळ लागेल, आणि खेळ तर दाराशी येऊन ठेपले आहेत. तोवर पालकांनी आपल्या हातचे करावे. आगाऊ पैसे भरू नयेत. 'पहिल्या दिवशी घेणाऱ्यास सोन्याचा पुतळा' असली आमिषे २०१३ सालच्या गर्दीनेच खरी किंमत मोजून पाहिली आहेत. खेळ बाजारात येऊन महिना लोटू द्यावा. मग ज्याने घेतला असेल त्याच्या घरी जाऊन, खेळ चालू असताना वायफाय बंद करावे आणि पडद्यावर काय उरते ते मुलासह पाहावे. या परीक्षेस ना पदवी लागते ना वकील.

त्या मुलास आम्ही पत्राने कळविले आहे, की तू म्हणतोस त्या खेळात रेंज गेली तर शहर राहील की नाही, हे कंपनीने सांगितल्याखेरीज कोणीच सांगू शकत नाही, आणि तिने सांगितले तरी एक वर्ष थांबून पाहावे. 'मायक्रोपोलिस' मात्र आजही विनामूल्य मिळतो. थोडी खटपट केल्यास शाळेच्या संगणकावर तो बसविता येईल. त्यासाठी मुख्याध्यापकांना काय लिहावे, त्याचा मसुदाही सोबत धाडला आहे. खेळ जुना आहे, चित्रे ठोकळ्यांची आहेत, आजच्या मुलांस ती कदाचित हास्यास्पद वाटतील. बंदर त्यात बांधता येते. मासळीचा लिलाव नाही. तो कोठे आणि कसा घालावयाचा, हे त्या चौघांनी आपापसांत ठरवावे.